एका वाक्यापुरतं पोर्तुगीज

ताई-दाजींचं पत्र आलं त्या शनिवारी मी साताऱ्यात घरीच होते. निळ्या पातळ कागदाचं ते पत्र वडिलांनी दोनदा वाचलं, एकदा मनात आणि एकदा मोठ्यांदा. मग आई आणि वडील, दोघांनीही माझ्याकडे पाहिलं.

दाजी ब्राझीलमध्ये साखर कारखान्याची यंत्रं उभारायच्या कामावर होते. लग्नानंतर महिनाभरात ताई तिकडे गेली, त्याला तीन वर्षं झाली होती. तिला मुलगी झाली, ती रांगायला लागली, चालायला लागली, आणि हे सगळं आम्ही फोटोंत पाहिलं होतं. आता दाजी आईचं आणि माझं तिकीट काढायला तयार होते. माझी परीक्षा संपली की उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन महिने यायचं. वडिलांची कोर्टाची कामं असल्यामुळे ते येणार नव्हते. दोन महिन्यांत होकार कळवा, असं दाजींनी लिहिलं होतं. पत्राच्या घडीवर, उरलेल्या जागेत, ताईच्या बारीक अक्षरात आणखी चार ओळी होत्या. ‘इथं इंग्रजी कुणाला येत नाही. विमानातून उतरल्यावर बाहेर यायला दोन-दोन तास लागतात आणि आम्हाला आत सोडत नाहीत. धाकटीला थोडं पोर्तुगीज शिकून यायला सांगा.’

“तिला काय अवघड?” वडील म्हणाले. “इंग्लिश मीडियमची आहे.”

गोऱ्यांच्या सगळ्या भाषा वडिलांच्या लेखी एकाच घरात राहत होत्या आणि इंग्रजी हा त्या घराचा पुढचा दरवाजा होता. मला त्यांनी पाचगणीच्या बोर्डिंग शाळेत ठेवलं ते त्याच विश्वासानं. तिथं मराठी बोललं तर शिक्षा व्हायची आणि इंग्रजी चुकलं तर मुली हसायच्या. मी दोन्हीतून वाट काढली. मी बोलणंच कमी केलं. दहा वर्षांत ती सवय इतकी पक्की झाली, की पुढे सांगलीला कॉलेजात गेल्यावरही हजेरीला ‘येस सर’ म्हणण्याऐवजी मी नुसता हात वर करायचे. वडील वकील. दिवसभर बोलून पोट भरणारे. माझं गप्प राहणं त्यांना विद्वत्तेचं लक्षण वाटायचं.

आईला मात्र तसं काही वाटत नसे.

त्या संध्याकाळी ती मेथी निवडत बसली होती. मी समोर जाऊन बसले. वडील बाहेर गेले आहेत याची खात्री करून ती म्हणाली, “एक सांगू? मला नमस्कार-बिमस्कार काही नको. हात जोडले की कळतं कुणालाही. मला एकच वाक्य आणून दे.”

“कुठलं?”

“तुला माहीत आहे.”

मला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी आईला मधुमेह निघाला, तेव्हापासून तिला तासा-दीड तासाला जावं लागायचं. घरात त्याचं काही नव्हतं. पण प्रवास म्हटला की तिचा चेहरा उतरायचा. पुण्याला मामाकडे जायचं तर ती सकाळपासून पाण्याचा थेंब घ्यायची नाही, ओठ सुकून पांढरे व्हायचे, आणि वडील म्हणायचे, हिला एसटी लागते. तिनं त्यांना तसंच समजू दिलं होतं.

“विमानात असतं म्हणतात,” ती मेथीची काडी मोडत म्हणाली. “असेल. पण उतरल्यावर ते दोन तास? तिथं पाट्या कुठल्या भाषेत असतील कोण जाणे. पुरुषांच्यात शिरले तर?” ती हसली नाही. “ते एक वाक्य तुला आलं तर मी येते. नाहीतर माझी नात फोटोत बरी आहे.”

सांगलीला मी विश्रामबागेत कॉलेजच्या वसतिगृहात राहायचे. आमच्या एका प्राध्यापकांचे आईवडील गोव्याचे होते. गोवा सोडून आता ते मुलाकडे येऊन राहिले होते. प्राध्यापकांच्या आईंचं शिक्षण म्हापशाच्या पोर्तुगीज शाळेत झालं होतं. हे मला वसतिगृहातल्या एका मुलीकडून कळलं आणि तिनंच माझ्यासाठी त्यांना विचारलंसुद्धा. मी विचारलं नसतं. मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी पाच ते सहा, असं ठरलं.

त्या बाई पन्नाशी उलटलेल्या, गोऱ्या, ठेंगण्या. बारा-तेरा वर्षांत त्यांना कुणी पोर्तुगीज बोलायला लावलं नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांना इतका आनंद झाला, की त्यांनी मला पोर्तुगालमधल्या नद्या शिकवल्या.

“मिन्यु, दोउरू, तेजू,” त्या डोळे मिटून म्हणायच्या. “म्हण गो बाय. आम्हाला मांडवी कुठे उगवते ते कोणी शिकवलं नाही, पण ह्या पाठ. चुकलं की हातावर पट्टी.”

मी वहीत नद्या लिहून घेतल्या. दुसऱ्या दिवशी हजेरीला काय म्हणायचं ते. तिसऱ्या दिवशी वर्गात कुणी मोठा अधिकारी आला तर उभं राहून काय म्हणायचं ते. मधूनमधून ‘बों दीया’ म्हणजे नमस्कार आणि ‘ओब्रिगाद’ म्हणजे आभार, अशी कामाची नाणी हाती लागायची, पण ती बाईंच्या बालपणाच्या ढिगातून वेचावी लागायची. मला काय हवंय ते मी सांगायला हवं होतं. ते मला जमत नव्हतं.

अडचण बाईंची नव्हती. अडचण खिडकीजवळ आरामखुर्चीत होती. बाईंचे यजमान तिथं बसून वर्तमानपत्र वाचायचे. पाच वाजता उघडलेलं पान सहापर्यंत तसंच असायचं. ते माझ्याकडे बघत नसत, बोलत नसत. फक्त माझा उच्चार चुकला की कागद किंचित हलायचा. त्या खोलीत, त्या माणसाच्या चार हातांवर, ते वाक्य कसं विचारायचं? मराठीत कुठला शब्द वापरायचा हेच मला ठरवता येईना. वसतिगृहात आम्ही मुली एकमेकींना ‘जाऊन येते’ म्हणायचो. घरी आई ‘मागे’ म्हणायची. पाचगणीला नुसती करंगळी दाखवायची. मला तो शब्द पुरुषासमोर म्हणायची वेळ कधी आलीच नव्हती आणि तशी ती येऊ नये अशी सगळी व्यवस्था होती.

आठवड्यामागून आठवडे गेले. दर शनिवारी मी सांगलीहून एसटीनं घरी यायचे. कराड मागे पडलं की मी सबबी जुळवायला लागायचे. आई दारातच विचारायची, “आणलंस?”

“पुढच्या वेळी.”

“मग या वेळी काय शिकलीस?”

“नद्या,” मी म्हणाले.

आईनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी पायातल्या चपला काढता काढता दोनदा सरळ लावल्या.

मग मला एक युक्ती सुचली. म्हणायचं नाही, लिहायचं. शुक्रवारी मी वहीच्या कोऱ्या पानावर इंग्रजीत नीट प्रश्न लिहिला, बाजूला उत्तरासाठी जागा सोडली आणि वही बाईंपुढे सरकवली. बाईंनी वही हातात घेतली, लांब धरली, जवळ आणली, चष्म्यासाठी कपाळ चाचपलं. चष्मा आत राहिला होता.

“अहो,” त्या वही खिडकीकडे धरत म्हणाल्या, “बघा हो, हिनं काय लिहिलंय. वाचा मोठ्यानं.”

वर्तमानपत्र खाली आलं. हात पुढे झाला. मी उठले आणि बाईंच्या हातातून वही ओढून घेतली. ओढलीच. “चुकून,” मी म्हणाले, “चुकून दुसरंच पान.” कान इतके तापले होते की बाहेर पडून वसतिगृहाचं फाटक आलं तरी थंड झाले नाहीत. त्या दोन भल्या माणसांना वाटलं असेल, मी काहीतरी भलतंच लिहिलं होतं. ही कल्पना मला रस्त्यातच सुचली आणि मी तो सगळा शनिवार आजारी असल्याचं सांगून वसतिगृहात पडून राहिले. घरी गेले नाही.

त्याची किंमत पुढच्या शनिवारी कळली. आईनं वडिलांना सांगून टाकलं होतं, की तिचे गुडघे धरतात, एवढा प्रवास झेपायचा नाही. वडील नाराज झाले, डॉक्टरकडे जाऊ म्हणाले, आई नको म्हणाली. नकाराचं पत्र लिहायचं ठरलं होतं. “पुढच्या रविवारी लिहीन,” वडील म्हणाले. “तोपर्यंत तिचं मन बदललं तर बघू. तू सांग तिला.”

स्वयंपाकघरात आई पोळ्या लाटत होती. ताईच्या मुलीचा नवा फोटो डब्यांच्या फळीवर टेकवून ठेवला होता, पिठाचे हात लागू नयेत असा उंच. ती रागावली नाही. तिनं मला दोष दिला असता तर मला सोपं गेलं असतं.

मंगळवारी मी बाईंकडे गेले ती जिन्यातच वाक्य जुळवत. खोलीत शिरल्यावर बसले नाही, कारण बसले असते तर पुन्हा नद्या निघाल्या असत्या.

“बाई, मला विचारायचं आहे,” मी म्हणाले. “माझ्या आईला मधुमेह आहे. तिला सारखं लघवीला जावं लागतं. परक्या ठिकाणी जागा कुठे आहे ते विचारायचं असेल तर काय म्हणायचं? एवढंच मला हवंय. दुसरं काही नको.”

माझा आवाज मलाच मोठा वाटला. खोलीत काही कोसळलं नाही. बाईंनी तोंडावर हात ठेवला.

“अगो, एवढंच? मग इतके दिवस...” आणि मग त्या थांबल्या. आठवायला लागल्या. ओठ हलले, भुवया वर गेल्या. “बाय माझे, तेंच कोणी शिकवलं नाही! आम्ही बोट वर करायचो आणि धावायचो.” त्या खिडकीकडे वळल्या. “अहो, काय म्हणतात हो?”

वर्तमानपत्राची घडी झाली. घडी मांडीवर ठेवून ते गृहस्थ पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहून बोलले.

“ओंदि फीका अ काझ दि बान्यु.”

मग म्हणाले, “मी पणजीच्या बंदरावर कारकून होतो. बोटीवरून उतरणारा प्रत्येक माणूस आधी हेच विचारायचा. लाटसाहेब असला तरी. कागदपत्रं नंतर.”

ते हसले नाहीत, म्हणून मला उभं राहता आलं. त्यांनी मला ते वाक्य वीस वेळा म्हणायला लावलं. मग आरामखुर्ची सोडून मागच्या पडवीत जाऊन उभे राहिले आणि तिथून ओरडले, “मी फौजदार. विचार मला!” मी विचारलं. “ऐकू नाही आलं!” मी पुन्हा विचारलं. शेजारच्या बंगल्यातली मोलकरीण कुंपणाशी येऊन बघायला लागली. ते म्हणाले, “पुटपुटलीस तर तो पुढच्या माणसाकडे बघणार. मोठ्यानं. तुला घाई आहे.”

शनिवारी घरी पोचल्या पोचल्या मी आईला आरामखुर्चीतल्या काकांबद्दल सांगितलं आणि ते वाक्य म्हणून दाखवलं. कुजबुजत, कारण बाहेरच्या खोलीत वडिलांकडे कोणी आलं होतं. आईनं ऐकलं, एकदा ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं.

“छान आहे,” ती म्हणाली. पण पोळपाट पुसतच राहिली. “शिकलीस. पण म्हणशील का?”

“म्हणजे?”

“वाईला त्या लग्नात तुझं ताट वाढायचं राहिलं. तू मागितलंस? पंगत उठेपर्यंत बसून राहिलीस आणि उपाशी घरी आलीस. इथं, आपल्या माणसांत. तिथं त्या रांगेत मी तुझा हात धरून उभी राहीन, आणि तू खाली बघशील.” तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. “मला ठाऊक आहेस ना तू. उद्या लिहू दे त्यांना पत्र.”

मी काही बोलू शकले नाही, आणि न बोलून मी तिचंच म्हणणं खरं केलं.

रविवारी सकाळी कोरेगावकडचे एक निवृत्त सुभेदार आणि त्यांची बायको आली. त्यांचा उसाच्या बांधाचा दावा वडिलांकडे बरीच वर्षं होता, त्यामुळे ते आता पक्षकार कमी आणि घरचे जास्त झाले होते. पोहे झाले, चहा झाला. टेबलावर वडिलांनी नकाराच्या पत्रासाठी कोरा कागद काढून ठेवला होता. त्यावरून ताईचा विषय निघाला, ताईवरून ब्राझीलचा, आणि मला जे होऊ नये असं वाटत होतं ते झालं.

“आमची धाकटी पोर्तुगीज शिकतेय,” वडील म्हणाले. “सुभेदार, तुम्ही तर गोव्याच्या कारवाईत होतात.”

“व्हतो की! पोर्तुगीज कैद्यांवर पहाऱ्याला व्हतो म्या. म्हैनाभर. त्यांची भाषा कळती आपल्याला, थोडी थोडी.”

“मग घ्या परीक्षा. ये गं, म्हणून दाखव काहीतरी.”

पाहुण्यांसमोर म्हणून दाखवायची आमच्याकडची ही रीत. लहानपणी इंग्रजी कविता असायच्या. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. नमस्कार आठवेना. आभार आठवेना. एक नदीसुद्धा आठवली नाही. आई स्वयंपाकघराच्या दारात कपबशांचा ट्रे घेऊन उभी होती. तिच्याकडे माझं लक्ष गेलं आणि माझ्या तोंडून, पडवीतल्या त्या फौजदाराला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, बाहेर पडलं, “ओंदि फीका अ काझ दि बान्यु?”

“वा!” वडील म्हणाले.

“अगदी बरोबर!” सुभेदारांनी मांडीवर थाप मारली. “ते कैदी सकाळी उठलं की हेच म्हणायचं बगा. सगळं येकदम!”

“असं? म्हणजे काय?”

सुभेदार क्षणभर अडखळले. “खुशाली इचारत्यात,” ते म्हणाले. “रामराम, कसं काय, असं.”

वडिलांनी कौतुकानं मान हलवली. मी गप्प राहिले, आणि ते तसंच मिटलं असतं. पण आईच्या हातातला ट्रे हलायला लागला होता, आणि मला आधी वाटलं ती घाबरली. ती हसत होती. हसू आवरायला तिनं ट्रे खाली ठेवला आणि पदर तोंडाला लावला.

“खुशाली नाही, भाऊ,” ती म्हणाली. “बायकांनी लघवीला कुठे जायचं, असं विचारलंय तिनं. माझ्यासाठी शिकून आलीय.”

सुभेदार कानापर्यंत लाल झाले. मग त्यांची बायको, जी आल्यापासून एक शब्द बोलली नव्हती, पुढे सरकून बसली.

“लय ब्येस केलंस गं पोरी,” ती मला म्हणाली. मग आईकडे वळली. “आवं वयनी, मी बी येष्टीत बसायचं म्हणलं की सकाळधरनं पानी सोडती. ह्यास्नी काय ठावं?” आणि नवऱ्याकडे बघून, “म्हैनाभर ती मानसं तळमळत असत्याली, आन् तुमी रामराम करत व्हता व्हय?”

“आगं, मला काय म्हाईत!” सुभेदार म्हणाले.

वडील हसले नाहीत. ते आईकडे बघत होते, उलटतपासणीत एखादं उत्तर अनपेक्षित यावं तसे. पुण्याच्या सगळ्या खेपा ते मनात मोजत असावेत. “म्हणजे तुला एसटी लागत नाही?” त्यांनी विचारलं.

“नाही,” आई म्हणाली.

“आणि गुडघे?”

“ते आहेत आपले वयानुसार.”

वडिलांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. टेबलावरचा कागद पुढे ओढला आणि पेनाचं टोपण काढून आईकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती. मी नेहमी बघायचे तसं खाली बघितलं, आणि मग वर, तिच्याकडे.

“लिहा,” ती म्हणाली. “दोघी येतो म्हणावं.”

पाहुणे गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. जे झालं ते एकदाच झालं आणि पुन्हा होईल याची काही हमी नव्हती, हे मला आईइतकंच स्पष्ट दिसत होतं. आई उरलेले पोहे काढून ठेवत होती.

“मंगळवारी जाशील ना त्यांच्याकडे?” तिनं विचारलं.

“हो.”

“मग ते झाल्यावर, तिथं आत पाणी नसलं तर? म्हणतात, तिकडे कागद असतो.” तिनं झाकण बसवलं. “तांब्या मी घेईन बरोबर. पण तो भरून द्या असं कसं म्हणायचं, ते विचारून ये. त्या काकांनाच विचार.”